पुण्याईचा लोड चार्ट

क्रेनचा बेल्ट सटकतो, दीड टनाचा पाइप खाली येतो आणि हेल्परच्या बुटापासून हातभर अंतरावर आदळतो. त्यानंतरच्या दहा मिनिटांत साइटवर काय काय घडणार, याचा क्रम आपल्याकडे ठरलेला आहे. आधी सगळं चिडीचूप होतं. मग एक सणसणीत शिवी ऐकू येते, बहुधा पाइपला उद्देशून. मग कोणीतरी हसतं आणि बघता बघता सगळेच हसू लागतात. मुकादम चहा सांगतो. चहा येईपर्यंत श्रेयवाटप उरकलेलं असतं : थोडा वाटा हेल्परच्या आईवडिलांच्या पुण्याईला, थोडा त्याच्या गावच्या देवाला आणि उरलेला ऑपरेटरच्या ‘हाताला’. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ हा ठराव एकमताने मंजूर होतो, पेले रिकामे होतात आणि पाइप पुन्हा उचलला जातो. त्याच बेल्टने.

या सबंध समारंभात ज्याला कोणी काही विचारत नाही असा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे बेल्ट. माझं म्हणणं एवढंच आहे, की होता होता टळलेला अपघात आपण चुकीच्या खात्यात जमा करतो. तो यशाच्या खात्यात जातो. जायला हवा अपघाताच्या. कारण अपघाताला लागणारं सगळं सामान तिथे वेळेवर हजर झालेलं होतं : कडेला फाटलेला बेल्ट, लोडखाली उभा असलेला माणूस, न बघता दिलेला इशारा आणि संध्याकाळच्या आत काम संपवायची घाई. कमी पडला तो फक्त योग्य जागी एक पाय. तो पाय तिथे नव्हता याचं श्रेय ना कुठल्या नियमाला देता येत, ना प्रशिक्षणाला, ना सेफ्टी ऑफिसरच्या भाषणाला. हेल्परला नेमकं त्या क्षणी तंबाखू मळायला बाजूला व्हावंसं वाटलं, एवढीच तिथली सुरक्षाव्यवस्था. त्यात अंतराची गंमत निराळीच. टपरीवर ही हकिगत जितक्या वेळा सांगितली जाते, तितकं पाइप आणि बूट यांतलं अंतर घटत जातं. आधी हातभर, मग वीतभर, मग बोटभर, आणि दिवाळीला गावी पोचेपर्यंत पाइप बुटाची लेस घेऊन गेलेला असतो. ऑफिसात मात्र याच प्रकाराची नोंद झालीच, तर अंतर उलट वाढत जातं आणि रजिस्टरात पाइप ‘कामगारांपासून सुरक्षित अंतरावर’ विसावतो. खरं अंतर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हरवतं आणि त्याच्यासोबत कारणही हरवतं.

हा दोष एकट्या मुकादमाच्या माथी मारू नये. त्याच्याहून पुष्कळ शिकलेली माणसंही याच खात्यात जमा करतात. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सली या अमेरिकी अभ्यासकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांपुढे एका मानवरहित यानाच्या मोहिमेची हकिगत ठेवली. मोहिमेच्या प्रमुखाचे निर्णय तेच, फक्त शेवट तीन तऱ्हेचे : एकात मोहीम फत्ते, एकात बोजवारा, आणि एकात निव्वळ नशिबाने निभावलं. नशिबाने निभावलेल्या प्रमुखाला लोकांनी यशस्वी प्रमुखाच्या जवळपास पंक्तीला बसवलं. म्हणजे पुण्याईचं खातं इंग्रजीतही चालतं, तिथे फक्त गावच्या देवाचं नाव घेत नाहीत. याचा सगळ्यात महागडा नमुना म्हणजे चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६ ला ते यान सात जणांसह नष्ट झालं, त्याआधी स्पेस शटलची चोवीस उड्डाणं सुखरूप झाली होती. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी त्यांतल्या काही उड्डाणांत जळून झिजलेली सापडली होती. ती मुळीच झिजायला नको होती. पण यान परत आलं, तेव्हा झीज ‘चालण्यासारखी’ ठरली. कडी त्रिज्येच्या एक तृतीयांश एवढीच झिजली, म्हणजे आपल्याकडे अजून तिप्पट सुरक्षितता शिल्लक आहे, असाही हिशेब मांडला गेला. चौकशी आयोगावरचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी या हिशेबाची यथेच्छ हजेरी घेतली : ज्या वजनासाठी पूल बांधला, त्याच वजनाने तुळईला एक तृतीयांश खोल भेग पडली, तर उरलेल्या दोन तृतीयांशाचा अभिमान बाळगायचा नसतो, भेग पडलीच का, ते विचारायचं असतं. आमच्या साइटच्या भाषेत सांगायचं तर, बेल्ट अर्धाच फाटलाय म्हणून दुसऱ्या अर्ध्यावर भरवसा टाकायचा नसतो.

आता ही पुण्याई असते तरी कोणाची? माझा अंदाज असा, की साइटवर आईवडिलांच्या नावावर जमा होणारी बरीचशी पुण्याई मुळात डिझाइन करणाऱ्या इंजिनियरची असते. कापडी बेल्ट जेवढं वजन उचलायचं म्हणून विकला जातो, त्याच्या साधारण सातपट वजनाला तो तुटेल असा बनवलेला असतो. वायर रोपची स्लिंग पाचपट, साखळी चौपट. ही जादा ताकद धार लागलेल्या कडा, अचानक बसलेला हिसका, उन्हापावसाने आलेला म्हातारपणा अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेली असते. आपण ती बोनस समजून दिसणाऱ्या गोष्टींवर उडवतो. आखूड पडला म्हणून बेल्टला गाठ मारतो, एकाऐवजी दोन पाइप उचलतो, पट्टीवरचा वजनाचा टॅग केव्हाच गळून पडलेला असल्यामुळे रंग बघून अंदाज करतो. आणि काहीच होत नाही! परीक्षेत कॉपी पकडली गेली नाही की पोराला आपण हुशार आहोत असं वाटू लागतं, तसं मग अख्ख्या गँगला आपण अनुभवी आहोत असं वाटू लागतं. हायड्राचं, म्हणजे साइटवरच्या चालत्या क्रेनचं, तर नावच फसवं. ‘चौदा टनी’ हायड्रा चौदा टन उचलते ती बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड आणि लोड जवळ असताना. बूम बाहेर काढत गेलं की क्षमता भराभर उतरते, आणि कुठल्या अंतराला किती उरते ते सांगणारा लोड चार्ट मशिनसोबत येतो. तो वाचणारा ऑपरेटर भेटला तर त्याला नमस्कार करावा. बाकीच्यांचा लोड चार्ट वेगळा असतो : मागची चाकं उचलायला लागली की ‘जरा जास्त झालं’ असं समजायचं आणि दोन हेल्परना मागे उभं करायचं. पुण्याई किती अंतरावर किती टन उचलते, याचा तक्ता मात्र अजून कोणत्याही कंपनीने छापलेला नाही.

हा तक्ता नसल्यामुळे आपण पुण्याईवर कितीही लोड टाकतो. हायड्रा लोड घेऊन चालू लागली की हलणारा लोड आवरायला हेल्पर त्याला हाताने धरून शेजारून चालतो. त्या कामासाठी टॅग लाइन नावाची साधी दोरी असते, पण ती बहुधा कपडे वाळत घालायला गेलेली असते. उचललेल्या लोडमुळे ऑपरेटरला समोरचं धड दिसत नाही. जे दिसलं असतं ते काचेवरच्या झेंडूच्या माळेने आणि लिंबू-मिरचीने झाकलेलं असतं. इशारा एकाच माणसाने द्यावा आणि ‘थांब’ हा इशारा मात्र कोणीही दिला तरी पाळावा, असा क्रेनच्या कामाचा जगभरचा साधा नियम आहे. आपण त्याची बरोबर उलट व्यवस्था बसवली आहे : घे, सोड, डावीकडे, अजून, येऊ दे, हे इशारे सिग्नलमनसकट पाच जण एकदम देतात, त्यांत एक रस्त्याने जाणारा निवृत्त गृहस्थही असतो, ‘थांब’ म्हणायचा अधिकार मात्र फक्त साहेबाला, आणि साहेब मीटिंगमध्ये. जेसीबीचं तर काय सांगावं! २०१९ साली जेसीबीची खुदाई पाहणाऱ्या गर्दीची देशभर थट्टा झाली, पण त्या गर्दीतला खरा विनोद कोणाच्या लक्षात आला नाही. यंत्राचा मागचा हात जेवढ्या परिघात फिरतो, तेवढा परीघ मोकळा हवा. आपले प्रेक्षक नेमके त्या परिघावर रांग धरतात, कारण तिथून चांगलं दिसतं. पुढे निवडणुकीच्या मोसमात हेच यंत्र बकेटीतून विजयी उमेदवारावर फुलं आणि गुलाल उधळायला येतं, तेव्हा तर कार्यकर्ते बकेटीच्या खाली उभं राहण्यासाठी आपसांत भांडतात.

या सगळ्यावर पहिला आक्षेप नियतीचा. यायची वेळ आली की घरात बसल्या जागी येते, मग बेल्टचं काय घेऊन बसलात? युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो करणारे लोक तो पुरता पाळत नाहीत. मृत्यूची वेळ ठरलेली आहे असं सांगणारा ठेकेदार डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून टाकीला कुलूप लावतो. डिझेलची वेळ ठरलेली आहे असं तो म्हणत नाही. माझा देवाशी वाद नाही. खंडेनवमीला, दसऱ्याला यंत्राची पूजा होते, हार-नारळ होतो, त्या दिवशी निदान मशीन धुतलं जातं, आणि धुताना एखादी चीर दिसलीच तर पूजा फळाला आली म्हणायची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९व्या कलमाने तरी दुसरं काय सांगितलं होतं? उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी करा. दोन्ही विधी वार्षिक आहेत. फरक इतकाच, की पूजेची तारीख आजवर एकाही मशिनची चुकलेली नाही. दुसरा आक्षेप कौशल्याचा : आमचा ऑपरेटर वीस वर्षं चालवतोय, त्याचा हात बसलाय. हात बसलेला असतो हे खरंच. पण बसलेला हात लोड सांभाळतो. बेल्टचे तुटत आलेले धागे त्याला केबिनमधून दिसत नाहीत. शिवाय वीस वर्षांत जे टळलं ते कौशल्याने किती आणि तंबाखूने किती, हे ज्या नोंदीवरून कळलं असतं, ती नोंद आपण ठेवलेली नाही.

तिसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे, म्हणून त्याला मानाने उत्तर दिलं पाहिजे. सुरक्षेच्या प्रत्येक प्रशिक्षणात एक त्रिकोण दाखवतात. विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ च्या पुस्तकात मांडलं, की एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेल्या ३०० घटना असतात. पुढे १९६९ मध्ये फ्रँक बर्ड यांनी २९७ कंपन्यांचे साडेसतरा लाखांवर अहवाल चाळून १, १०, ३० आणि ६०० असा नवा क्रम दिला. आक्षेप असा, की हाइनरिक यांची मूळ कागदपत्रं आज कोणाला तपासायला मिळत नाहीत, हे आकडे सगळ्या धंद्यांना लागू पडत नाहीत, आणि ठेच लागण्याच्या घटना कमी केल्या म्हणून क्रेन कोसळायची थांबत नाही. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. तीनशे हा आकडा देवाऱ्यात ठेवायचं कारण नाही. नाहीतर दोनशे नव्याण्णव झाले, अजून एक शिल्लक आहे, असंही लोक म्हणतील. पण माझ्या मुद्द्याला प्रमाणाची गरजच नाही. बूट हातभर बाजूला होता म्हणून पाइप पडण्याचं कारण बदलत नाही, एवढंच मला पुरतं. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी भांड्यातली शितं मोजावी लागत नाहीत. फक्त शीत भाताचं हवं. म्हणून काय झालं यापेक्षा काय होऊ शकलं असतं यावर घटनेचं वजन ठरवावं. कॅन्टीनमधल्या ओल्या फरशीवर कोणी घसरता घसरता सावरला आणि दीड टनाचा पाइप बुटाशेजारी पडला, या दोन्ही ठिकाणी इजा शून्यच, पण दोन्ही शून्यं सारखी नाहीत.

टळलेल्या अपघाताची बातमी दाबली की काय होतं, याचा पुरावा विमानांच्या जगात आहे. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. उतरण्याच्या नकाशाचा आणि नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला, नियंत्रकाला दुसरा अभिप्रेत होता. चौकशीत निघालं, की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान याच घोटाळ्यात याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावधही केलं. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो खरं, पण पुढच्याने ठेच लागल्याचं मागच्याला सांगितलं तरच ही म्हण चालते. अमेरिकेने यातून १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी केली : अहवाल विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातो, पाठवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं, आणि मुद्दाम न केलेल्या चुकीचा अहवाल दहा दिवसांत पाठवला, तर त्या नियमभंगाचा दंड सहसा माफ होतो. यात उदात्त काही नाही, साधा व्यवहार आहे. वैमानिकाला खरं सांगणं स्वस्त पडावं आणि लपवणं महाग, एवढीच युक्ती. तिच्या जोरावर त्या दप्तरी आजवर लाखो अहवाल जमा झाले आहेत.

आपल्या साइटवर भाव बरोबर उलटे आहेत. पाइप पडल्याचं हेल्परने सांगितलं, तर पहिला प्रश्न ‘तू तिथे काय करत होतास?’ आणि दुसरा ‘तुझा ठेकेदार कोण?’ त्याची हजेरी कापली जाते, ऑपरेटरचा गेटपास जमा होतो, आणि फाटक्या बेल्टच्या जागी नवा मागवण्याचं टिपण खरेदी विभागात तीन सह्यांची वाट पाहत बसतं. एवढं पाहिल्यावर पुढच्या खेपेला जो तोंड उघडेल त्याला शूर म्हणण्यापेक्षा श्रीमंत म्हणायला हवं. कायद्याला ही गोष्ट समजलेली नव्हती असं नाही. कारखाने अधिनियमात १९७६ साली ८८अ कलम आलं, आणि ठरवून दिलेल्या धोकादायक घटना, कोणाला इजा झालेली असो वा नसो, अधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती झाली. पण त्या यादीत सटकलेल्या प्रत्येक बेल्टला जागा कशी असणार? मोठं काही कोसळलं तर गोष्ट वेगळी. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले, तेव्हा मंत्री, तज्ज्ञ, चौकशी, भरपाई, सगळं तातडीने आलं. यायलाच हवं होतं. माझी तक्रार इतकीच, की हे सगळं आणवायला आपल्याकडे आधी माणसं जावी लागतात.

यावर व्यवस्थापनाचं उत्तर तयार असतं : आम्ही टळलेल्या अपघातांच्या चिठ्ठ्यांसाठी पेटी लावली आहे, दर महिन्याला प्रत्येक विभागाने पाच घटना टाकायच्या, असं टार्गेटही दिलं आहे. त्या पेटीतलं साहित्य वाचनीय असतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकाच हस्ताक्षरात पाच चिठ्ठ्या पडतात : कॅन्टीनजवळ केळीची साल दिसली, जिन्याचा बल्ब गेला आहे, पार्किंगमध्ये कुत्रं झोपलं होतं. वर्षभर या चिठ्ठ्या वाचल्या तर वाटेल, की या कारखान्याला खरा धोका कुत्र्यापासूनच आहे. म्हणून आकडा मागू नये. मागायचं तर उत्तर मागावं. या महिन्यात किती चिठ्ठ्या आल्या यापेक्षा किती चिठ्ठ्यांमुळे काहीतरी बदललं, हे फळ्यावर लिहावं. बेल्ट बदलला, लिमिट स्विचची काढून ठेवलेली वायर परत जोडली, टॅग लाइन कपड्यांपासून सोडवून आणली. राहता राहिला वेळेचा आक्षेप : असं दर वेळी थांबत बसलो तर काम कधी संपायचं? टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला काही चुकतंय असं दिसलं तर तो दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देतो, प्रमुख धावत येतो आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. ती कंपनी गाड्या कमी बनवते, अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही.

तेव्हा शेवटी सूचना एकच, आणि तीही आपल्या परंपरेला धरून. आपण सत्कारप्रिय लोक आहोत. दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी, ठिकठिकाणी सप्ताह सुरू होतो, शपथ होते, घोषवाक्यांना बक्षिसं मिळतात. त्यातली एक शाल आणि एक श्रीफळ अशा माणसासाठी राखून ठेवावं, ज्याने वर्षभरात कधीतरी हात वर करून ‘थांब’ म्हटलं आणि चालू काम अर्धा तास अडवलं. यात एक अडचण येईल, तीही सांगून टाकतो. त्याने कोणता अपघात टाळला हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, कारण तो झालेलाच नसेल. भाषण करणाऱ्याची पंचाईत होईल. ना थरारक प्रसंग, ना पाण्याने डबडबलेले डोळे, ना पुण्याई. वक्ता दोन मिनिटांत खाली बसेल. ज्या कार्यक्रमात सांगण्यासारखं काही नाही आणि झाडून सगळे कामगार हजर आहेत, असा कार्यक्रम आपल्याकडे कंटाळवाणा समजतात. तो दर वर्षी व्हावा.